उजवा पाय

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास चर्चमधल्या अंकलचा फोन आला, तेव्हा मी फोर्टच्या ऑफिसात मार्चअखेरचे उरलेसुरले हिशेब जुळवत बसलो होतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. त्यासाठी निवडलेल्यांपैकी एकाला ताप भरला होता. "साडेसहापर्यंत पोचशील ना? मग तूच बस." मी हो म्हणून टाकलं. चर्चगेटहून लोकल, अंधेरीला मेट्रो, मग गावठाणाच्या बोळातून जवळजवळ पळतच. पोचलो तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि बाकीचे अकरा जण पुढच्या बाकांवर बसलेले होते. त्यांच्या पायांकडे नजर गेली आणि पोटात धस्स झालं. सगळे घरून पाय धुऊन आले होते. नखं कापलेली, टाचा घासलेल्या. एका आजींनी तर पावडर लावली होती, बोटांच्या बेचक्यात पांढरी राहिलेली. धुवायला द्यायचे पाय आधी घरी धुऊन आणायचे, ही आमच्याकडची रीतच आहे आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. माझ्या पायात मात्र सकाळी साडेसातला चढवलेले मोजे होते.

प्रवचन संपलं. फादरांनी वरचा झगा उतरवला, कमरेला टॉवेल बांधला. तरुण आहेत, वसईकडचे. वेदीवर सेवा करणाऱ्या दोन मुलांपैकी एकाकडे पाण्याचा जग, दुसऱ्याकडे तस्त. आमच्याकडे दोन्ही पाय धुत नाहीत, फक्त उजवा. मी मोजा काढला. त्याची वीण घोट्यावर लाल उमटली होती. टाचेच्या भेगेत काळा धागा अडकलेला होता, तो काढायला गेलो तर तुटून आतच राहिला. तेवढ्यात फादर समोर गुडघ्यांवर बसले. कोमट पाणी पायावर पडलं आणि त्यांनी माझी टाच तळहातावर घेतली. तो तळहात इतका मऊ होता की माझी भेग त्याला टोचत असणार हे मला कळत होतं. मी पाय मागे घेतला. "राहू द्या फादर, मी पुसतो," असं पुटपुटलो आणि त्यांच्या हातातला टॉवेल घेऊन स्वतःच पाय पुसला. त्यांनी क्षणभर वर पाहिलं आणि ते पुढच्या माणसाकडे सरकले. सगळं मिळून चार-पाच सेकंद. कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

माझ्या मात्र ते डोक्यातून जाईना.

त्या रात्री ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर घंटा बंद झाल्या. आता थेट शनिवारी रात्रीपर्यंत घंटेच्या जागी लाकडी फळीची खटखट. वेदीवरची वस्त्रं काढून घेतली, दिवे मंद केले. आम्ही पवित्र साक्रामेंतापुढे, म्हणजे मिस्सात पवित्र केलेल्या भाकरीपुढे, अकरापर्यंत बसलो. माझ्या मनात येशूचा शिष्य पेत्र घोळत होता. योहानच्या शुभवर्तमानात त्या शेवटच्या जेवणाच्या वेळी भाकर मोडल्याचा उल्लेखच नाही. शुभवर्तमानं लिहिणाऱ्या बाकी तिघांनी भाकर आणि प्याला सांगितला, योहानने त्या जागी पाण्याचं भांडं आणि रुमाल ठेवला. येशू जेवणावरून उठतो, कपडे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि एकेकाचे पाय धुऊ लागतो. पेत्रापाशी येतो तेव्हा पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. आणि उत्तर येतं, मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर काही वाटा नाही. लहानपणापासून हे वाचन दर वर्षी ऐकतो आहे. पेत्राचं ते नाही म्हणणं मला नेहमी नम्रपणाचं वाटायचं, त्याच्याबद्दल बरंच वाटायचं. गुरुवारी पहिल्यांदा वाटलं की त्यात नम्रपणा फारसा नसावा. आपला पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे तो आहे तसा द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट त्याच रात्री सुचली, तिचं काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही. त्या बारांत येशूला धरून देणारा यहूदाही होता. तो उठून अंधारात गेला तो पाय धुऊन झाल्यावर. त्याने पाय मागे घेतला असं कुठे लिहिलेलं नाही. पेत्राने घेतला, यहूदाने नाही.

मी स्वतःला देणाऱ्यांपैकी समजत आलो आहे. चर्चमधून दर महिन्याला गरजू घरांना धान्य जातं, त्या पिशव्या भरण्यात मी असतो. कोणाला रक्त लागलं, कोणाला इस्पितळात रात्रपाळीला माणूस हवा असला, तर माझा नंबर लोकांना पाठ आहे. त्यात मला आनंद मिळतो आणि तो खोटा नाही. पण मला कोणी काही द्यायला आलं की मी अंग चोरतो. आजारी असलो तर कळू देत नाही. ऑफिसातून कोणी घरी सोडतो म्हणालं तर जवळच जायचं आहे असं सांगून बस पकडतो. हे माझ्यात कुठून आलं ते शोधायला मला लांब जावं लागत नाही.

बाबा लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. संध्याकाळी घरी आले की ओट्यावरच्या नळाखाली रॉकेल आणि साबण लावून हात घासायचे, तरी बोटांच्या रेषांत ग्रीस राहायचंच. गावठाणात कोणाचा पंप बिघडला, कोणाच्या सायकलची साखळी तुटली की बाबा. पैसे घ्यायचे नाहीत, चहासुद्धा घ्यायचे नाहीत. २००८ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. अकरा महिने अंथरुणावर होते. आई त्यांचं सगळं करायची, पण तिचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते, म्हणून सकाळी ऑफिसला निघण्याआधी अंग पुसायचं काम मी घेतलं. निदान घ्यायचं ठरवलं. बाबा हात पुसू द्यायचे, पाठ पुसू द्यायचे, तोंड भिंतीकडे करून. पायांकडे वळलो की उजवा पाय चादरीखाली ओढून घ्यायचे. साऱ्या शरीरात उजवी बाजूच काय ती त्यांच्या ताब्यात उरली होती आणि तो पाय ते मागे घ्यायचे. बोलणं जड झालं होतं, तरी "नको" स्पष्ट यायचं. मग आई यायची, "द्या हो तो पाय, तुमचा मुलगाच आहे," म्हणायची आणि ते तिच्याकडेही बघायचे नाहीत. मी चिडायचो. एकदा टॉवेल तसाच बादलीत टाकून ऑफिसला निघून गेलो होतो. ती बादली संध्याकाळी मी परत येईपर्यंत तिथेच होती, टॉवेलसकट.

२००९ च्या पावसाळ्यात ते गेले. रात्रभर कोसळत होता. पहाटे मी आणि माझ्या चुलतभावाने त्यांना आंघोळ घातली. पाय धुताना पाहिलं, टाचांवर खोल भेगा होत्या. अकरा महिने जमिनीला न टेकलेल्या पायांना भेगा, कुठल्या जुन्या चालण्याच्या ते तेच जाणोत. मी त्यांतून कापूस फिरवला. उजवा पाय उचलला तेव्हा माझा हात आपसूक थोडा घट्ट झाला, ते ओढून घेतील म्हणून. मग आम्ही पांढरे मोजे चढवले, सूट घातला.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

गुड फ्रायडेला सकाळी गावठाणातून क्रुसाची वाट निघते. येशूच्या शेवटच्या वाटचालीची आठवण देणारी चौदा स्थानं. आमच्या गल्ल्यांच्या तोंडाशी जुने क्रूस आहेत. १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईभर गावठाणांतून लोकांनी असे क्रूस उभे केले, साथ थांबावी म्हणून. एरवी त्यांच्याभोवती स्कूटर लावलेल्या असतात, त्या दिवशी झेंडूचे हार असतात. डांबर दहालाच तापलं होतं, तरी काही बायका अनवाणी चालत होत्या. पाचव्या स्थानापाशी वाचन झालं: कुरेनेकर शिमोन. शेतावरून येणाऱ्या त्या माणसाला शिपायांनी पकडलं आणि वधस्तंभ वाहायला लावला. आजवर मी शिमोनाच्या बाजूने ऐकायचो, आपणही कोणाचा तरी भार उचलावा असं मनात यायचं. या वेळी माझं लक्ष दुसऱ्याकडे गेलं. ज्याच्या खांद्यावरून ते लाकूड उचललं गेलं त्याने काय केलं? त्याने ते धरून ठेवलं नाही. गुरुवारी रात्री बागेत त्याला धरल्यापासून सगळं दुसऱ्यांच्या हातून होत गेलं. बांधलं, नेलं, कपडे उतरवले, दुसरे घातले, पुन्हा उतरवले. ज्या हातांनी आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावला ते हात खिळून ठेवले. प्रवचनांत आपण नेहमी ऐकतो की त्याने आपल्यासाठी प्राण दिला. खरंच आहे, त्यावरच आमचा विश्वास उभा आहे. पण त्या दिवशी उन्हात उभं राहून मला वाटलं, देता देता त्याला घ्यावंही किती लागलं. शेवटी तर तहान लागली म्हणून त्याने सांगितलं आणि कोणीतरी आंबट द्राक्षारसात भिजवलेला बोळा ओठांना लावला, तोही त्याने घेतला.

दुपारी तीनला क्रुसाचं वंदन. लांबच लांब रांग असते आणि प्रत्येक जण त्या लाकडी येशूच्या पायांपाशी वाकतो. कोविडनंतर पुष्कळ जण नुसता हात लावून हात कपाळाला नेतात. आई मात्र ओठ टेकवते. शेजारी उभा असलेला मुलगा पांढऱ्या कापडाने पाय पुसतो, पुढचा माणूस येतो, पुन्हा पुसतो. पायांवरचा रंग इतक्या वर्षांत झिजलाय, खिळ्याच्या बाजूचं लाकूड उघडं पडलंय. माझी वेळ आली तेव्हा मी वाकलो आणि मला एकदम बेथानी आठवलं.

वल्हांडण या यहुदी सणाच्या सहा दिवस आधीची गोष्ट. बेथानीला जेवण आहे, मार्था वाढते आहे, आणि तिची बहीण मरिया जटामांसीचं महागडं तेल आणून येशूच्या पायांना लावते आणि आपल्या केसांनी पुसते. सगळं घर वासाने भरून जातं. जटामांसी आपल्या हिमालयात उगवते, तिथून ते तेल किती हात बदलत त्या घरी पोचलं असेल. तीनशे दिनार किमतीचं, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. यहूदा म्हणतो, हे विकून गरिबांना का दिलं नाही? धान्याच्या पिशव्या भरणारा माणूस म्हणून सांगतो, हा प्रश्न माझ्याही मनात आला असता. येशू म्हणतो, तिला राहू दे, माझ्या उत्तरक्रियेच्या दिवसासाठी तिने ते ठेवलं आहे. योहानच्या पुस्तकात हा बारावा अध्याय आणि पाय धुण्याचा तेरावा. दोन्ही मी इतक्या वेळा ऐकलेत आणि कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. कमरेला रुमाल बांधून शिष्यांपुढे बसला तो माणूस नुकताच, पाचसहा दिवसांपूर्वी, आपले पाय एका बाईच्या हाती देऊन बसला होता. तिने पुसले तसे त्याने पुसले. कदाचित त्या तेलाचा वास अजून त्याच्या पायांना असेल.

घरी आल्यावर पेज आणि लोणचं जेवलो आणि पोप फ्रान्सिसबद्दल आईशी बोलत बसलो. तिचं त्यांच्यावर फार प्रेम. २०१३ मध्ये पोप होऊन पंधराच दिवस झाले होते तेव्हा ते रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, एक मुसलमान होती. २०१६ मध्ये त्यांनी नियमच बदलला, तेव्हापासून या विधीला बायकांनाही बसता येतं. आमच्याकडे पहिल्यांदा बायका बसल्या त्यांत आई होती. तिने पाय असा पुढे केला होता जसा कासाराकडे हात पुढे करतात, आणि परत येताना एवढंच म्हणाली, "पाणी गार होतं." गेल्या वर्षी, २०२५ च्या पवित्र गुरुवारी, मोठ्या आजारातून उठलेले फ्रान्सिस व्हीलचेअरवरून रोमच्या एका तुरुंगात गेले. कैद्यांना म्हणाले, दर वर्षी मी पाय धुतो, या वर्षी ते करता येत नाही, पण तुमच्याजवळ असावंसं वाटलं. त्यानंतर चारच दिवसांनी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ते गेले. वाकता येत नाही हे त्यांनी ज्यांचे पाय धुवायचे त्यांनाच सांगितलं, याचं मला तेव्हा विशेष वाटलं नव्हतं. आईला वाटलं होतं. ती म्हणाली, "असं सांगता आलं पाहिजे. तुझ्या बाबांना नाही आलं."

शनिवार तसा रिकामा. आईने तळायच्या फुग्यांचं पीठ भिजवलं, मी बाजारात जाऊन आलो. मला या दिवशी येशूच्या कबरीकडे जायला थांबलेल्या त्या बायका आठवत राहतात. शुक्रवारी घाईघाईने पुरलेला देह, अरिमथाईकर योसेफाने दिलेली कबर, निकदेमाने आणलेला गंधरस आणि अगरू. पण बायकांना स्वतःच्या हाताने काही करायला मिळालेलं नाही, आणि शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागला. सुगंधी द्रव्यं घेऊन त्या थांबून राहिल्या. रविवारी पहाटे त्या पुनरुत्थान पाहायला निघालेल्याच नव्हत्या. एका देहाची राहिलेली सेवा पुरी करायला निघाल्या होत्या. आणि तिथे देहच नाही. आम्ही दर वर्षी या ठिकाणी आलेलुया म्हणतो. मला मात्र त्यांच्या हातातल्या त्या द्रव्यांचं काय झालं असेल हा विचार सुटत नाही. मत्तय तेवढा पुढे सांगतो की वाटेत त्यांना तो भेटला आणि त्यांनी त्याचे पाय धरले. त्याने धरू दिले.

रात्री चर्चच्या आवारात आग पेटवली, तिच्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती. तिच्यावर चालू वर्षाचे आकडे असतात आणि क्रुसाच्या आकारात धुपाचे पाच खडे खोचलेले, पाच जखमांचे. प्रकाश आत येतो तो जखमांसकट येतो. मग अंधाऱ्या चर्चमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे ज्योत जाऊ लागते. त्या आधी माइकवरून दर वर्षीची सूचना झाली: पेटलेली मेणबत्ती सरळ धरा, न पेटलेली तिरकी करा, म्हणजे मेण सांडणार नाही. माझ्या पुढच्या बाकावरच्या सात-आठ वर्षांच्या मुलीने ज्योत आधी घेतली होती. ती वळली, मेणबत्ती दोन्ही हातांनी ताठ धरून उभी राहिली, आणि मला खाली वाकावं लागलं.

ईस्टरच्या मिस्साला लूकचं ते वाचन नसतं, पण मी रविवारी सकाळी घरीच उघडून वाचलं. उठलेला येशू शिष्यांमध्ये येऊन उभा राहतो, ते घाबरतात, भूत समजतात. तो म्हणतो, माझे हात आणि माझे पाय पाहा. आणि हात-पाय दाखवतो. ज्याला मरणाने धरून ठेवलं नाही त्याच्या पायांची भोकं बुजली नव्हती, आणि त्याने ती लपवलीही नाहीत. मग तो विचारतो, इथे तुमच्याकडे खायला काही आहे का? ते त्याला भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यासमोर खातो. पुनरुत्थानाचा अर्थ सांगणारी प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत, काही फार चांगली होती. परंतु मरणातून परत आलेला देव खायला मागतो, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटलं नाही.

दुपारी डुकराच्या मटणाचं सोरपोतेल आणि फुगे झाले, पाहुणे गेले. घर शांत झाल्यावर आई ओट्यावर येऊन बसली आणि मला हाक मारली. तिच्या मांडीवर जुनं धोतराचं कापड पसरलेलं होतं, बाजूला वाटीत कोकमतेलाचा गोळा, शेजारच्या काकू दर मे महिन्यात सावंतवाडीहून आणतात तो, आणि आदल्या रात्रीच्या माझ्या मेणबत्तीचं उरलेलं बोटभर टोक, पेटवलेलं.

"गुरुवारी पाय मागे घेतलास," ती म्हणाली. "बापासारखाच."

"तुला दिसलं?"

"आण इकडे."

मी खालच्या पायरीवर बसून पाय तिच्या मांडीवर ठेवला. चौऱ्याऐंशी वर्षांची माझी आई. तिने गोळ्याचं टोक ज्योतीवर धरलं, ते पाघळलं तसं भेगेवर टेकवलं आणि अंगठ्याने आत दाबत गेली. चटका बसला, मग झोंबलं. माझी बोटं आपोआप आखडली. तिने दुसऱ्या हाताने घोटा धरून ठेवला होता, काही न बोलता. कोळिणीची पाटी घेऊन एक बाई बोळातून गेली, आमच्याकडे पाहून हसली. आईने चष्मा वर सरकवला, टाच उजेडाकडे वळवली आणि नखाने काहीतरी ओढून बाहेर काढलं. काळा धागा. तो तिने कापडाला पुसला आणि पुन्हा अंगठा फिरवू लागली. ज्योत संपत आली होती. मला वाटलं झालं, म्हणून मी उठायला लागलो.

"दुसरा," ती म्हणाली.